बिल्ला न घेणारी मुलगी

६ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. उदयसिंह सर रागावले की आवाज खाली आणतात. आज फारच हळू बोलले. "मॅडम, अभ्यासिकेत दीडशे खुर्च्या आणि अठरा डोकी. मार्चअखेर त्यातली अर्धी खोली मी दुसऱ्या कामाला घेणार. पोरं मोबाइलवर हायत, तर तुम्हीबी मोबाइलवर जावा की."

मी विचारलं, "सर, मोबाइलवर जायचं म्हणजे नेमकं काय करायचं?"

"ते तुम्हीच सांगायचं. ग्रंथपाल तुम्ही का मी?"

तेवीस वर्षांच्या नोकरीतली पंधरा मी पोरांच्या हातातले मोबाइल काढून घेण्यात घालवली. दारातच लाकडी घडवंची आहे, तिला शंभर कप्पे. मोबाइल कप्प्यात ठेवायचा, आमच्या शिपायाकडून, आकारामकडून, पितळी बिल्ला घ्यायचा आणि मग आत जायचं. ही शिस्त मीच लावली. आता म्हणे मोबाइलवर जा. घरी येईपर्यंत डोकं नुसतं भणभणत होतं. जेवणही गेलं नाही.

त्यात पोरींचे वेगळेच हट्ट. डिसेंबरात ती शिरोळकडची दानेश्वरी विचारत होती, "मॅडम, भरतीच्या अर्जात तुमचा मोबाइल नंबर घालू का?" मी म्हटलं, बाई गं, स्वतःचा घाल. पोरींचे ओटीपी सांगत बसायचं तेवढंच आता बाकी राहिलंय.

८ जानेवारी

ठरलं. माघार घ्यायची तर वाजतगाजत घ्यायची. घडवंची हलवली. उद्यापासून मोबाइल आत चालेल, फक्त बोलायचं नाही. "शांतता राखा. मोबाइलवर बोलण्यास सक्त मनाई" ही पाटी तेवढी ठेवली. टेबलांवर क्यूआर कोड चिकटवले, जुन्या प्रश्नपत्रिका मोबाइलवर उघडतील अशी सोय केली.

आकारामचं तोंड एवढंसं झालं. मे महिन्यात रिटायर होणार तो. बिल्ले पुसून दोरीत ओवून ठेवले आणि म्हणाला, "मॅडम, बिल्ल्यावरनं मला समदं कळतंय. कुणाकडं कसला फोन, कुणाचा फुटलाय, आणि कोण बिल्ला घेतच न्हाय."

"कोण घेत नाही?"

"दानेश्वरी. आणि आणखी चार पोरी."

मी म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त. अभ्यासाला येताना मोबाइल घरी ठेवून यायचा. दानेश्वरी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. साडेबाराला तास संपले की खिडकीजवळच्या कोपऱ्यातली खुर्ची धरते आणि चारच्या पुढे एसटी गाठायला पळते. मान वर नाही की शेजारणीशी कुजबुज नाही. अशा दहा जणी असत्या तर प्राचार्यांची हिंमत झाली नसती. आकाराम माझ्याकडे बघत राहिला, मग बिल्ले घेऊन गेला.

१५ जानेवारी

काम इतकं सोपं निघालं की मलाच हसू आलं. विद्यार्थ्यांचे मोबाइल नंबर गोळा कसे करायचे या काळजीत मी दोन दिवस होते. कार्यालयात सगळे तयारच! प्रवेश अर्जात प्रत्येकानं नंबर भरलेला. संगणक विभागाच्या राजनंदिनी मॅडमनी अर्ध्या तासात अकराशे चाळीस नंबर आमच्या यादीला जोडून दिले. आता पुस्तक घेतलं की संदेश, परत करायची तारीख जवळ आली की संदेश.

पहिला संदेश मीच सोडला. व्हॉट्सॲपवर वाचल्याच्या निळ्या खुणा पटापटा उमटायला लागल्या. मी खुर्चीवरून चार वेळा उठले, चार वेळा बसले. लोक वाचतायत! इतक्या वर्षांत माझी सूचना इतक्या जणांनी कधी वाचली होती?

१९ जानेवारी

पहाटेच जाग आली आणि एक युक्ती सुचली. नुसतं "पुस्तक आणा, पुस्तक आणा" म्हणत राहिलं तर आपण वसुलीवाल्यासारखे वाटतो. पोरांचं कौतुकही करायला हवं. दारात ओळखपत्र दाखवल्यावर आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ यंत्रात पडतेच. ती वापरायची. दर शनिवारी संदेश: "शाबास! या आठवड्यात तुम्ही अभ्यासिकेत इतके तास बसलात." त्याखाली रोजची आत-बाहेरची वेळ आणि त्यांनी वाचलेल्या पुस्तकांसारखी आणखी तीन नावं.

राजनंदिनी मॅडम म्हणाल्या, भारी. मजकुरातला 'शाबास' शब्द माझा.

२४ जानेवारी

पहिले 'शाबास' गेले. दानेश्वरी पहिली, सतरा तास! तिचा संदेश मी मुद्दाम उघडून बघितला, नावाखाली किती छान दिसतो. निळ्या खुणा लगेच. घरी पोचताच वाचला असेल आणि गालातल्या गालात हसली असेल.

दुसरी गंमत आमच्या घरातली. माझी लेक रुचिता आमच्याच कॉलेजात, दुसऱ्या वर्षाला. तिच्या अर्जात माझा नंबर, कारण अर्ज मीच भरला होता. त्यामुळे तिचा संदेश माझ्या मोबाइलवर. वाचते तर काय, बाईसाहेबांनी जर्मन भाषेचं प्राथमिक पुस्तक नेलंय. आमच्याकडे दिवेलागणीच्या आधी जेवणं उरकतात. पानावर बसल्यावर मी सहज चिडवलं, "काय गं, जर्मनीला निघालीस की काय? आम्हाला पत्ता नाही!" तिचे पप्पा पेपरातून मान वर काढून म्हणाले, "कसली जर्मनी?" रुचिता म्हणाली, "मैत्रिणीसाठी घेतलंय." पुढे जेवली नाही. नजर लागली असेल किंवा परीक्षेचं दडपण.

पण सोय बघा. घरबसल्या कळलं.

२९ जानेवारी

उशिरा येणारी पुस्तकं एकदम निम्म्यावर आली! रुचिताचंसुद्धा सव्वीस जानेवारीची सुट्टी संपताच परत आलं. आणि पालकांचं सहकार्य तर विचारू नका. परवा धोतरवाले एक आजोबा आले, काल कुणाचे काका, आज दोन भाऊ. पुस्तक टेबलावर ठेवतात, नाव सांगतात, जातात.

आकाराम म्हणाला, "मॅडम, ही पावणंच येऊन पुस्तकं टाकायल्यात. पोरी कुठं गेल्या?"

"अहो, घरातले मदत करतायत. तेवढाच पोरींचा हेलपाटा वाचला."

"व्हय," म्हणाला आणि पुस्तकं कपाटात लावायला गेला. त्याला बदल सोसत नाही. जुनं खोड.

३ फेब्रुवारी

कोपऱ्यातली खुर्ची सहा दिवस रिकामी आहे. म्हणजे मी काही मोजत बसले नव्हते, पण नजर जातेच. भरतीची परीक्षा तेवीस तारखेला, दानेश्वरी घरीच अभ्यास करत असेल. आता जुन्या प्रश्नपत्रिका मोबाइलवरच मिळतात, यायची गरज काय? हीच तर आपली सेवा.

प्राचार्यांना आकडे दाखवले. संदेश सव्वाचार हजार, वाचलेले ब्याण्णव टक्के. पहिल्यांदाच ते मोठ्यानं बोलले. मी मात्र बाहेर आल्यावर उगाचच अभ्यासिकेत दोन चकरा मारल्या. अकरा डोकी होती. त्यात मुली दोन.

६ फेब्रुवारी

झोप नाही. आकडे चांगले आणि खुर्च्या रिकाम्या, हे गणित सुटत नाही.

९ फेब्रुवारी

आज लिहायला हात उचलत नाही. पण लिहिते.

सकाळी आकारामनं एक कागद माझ्यासमोर ठेवला. दानेश्वरीचं परीक्षेचं प्रवेशपत्र, छापून आणलेलं. म्हटलं, हे तुमच्याकडे कसं? त्यानं खिशातून फोन काढला. बटणांचा, काचेला चिकटपट्टी लावलेला. आणि एक वही, किराण्याच्या दुकानातली. पाच मुलींची नावं, पुढे तारखा, पुढे सहा-सहा आकडे.

"ह्या पाचजणींकडं फोनच न्हाय मॅडम. डिसेंबरात अर्ज भरायचा हुता, नंबर कुणाचा घालायचा? म्हटलं, घाला माझा. ओटीपी आला की त्यो आकडा मी वहीत लिवून त्यांना दावतोय. प्रवेशपत्र आल्याचा निरोपबी माझ्याच फोनवर आला."

"फोन नाही? पण प्रवेश अर्जात नंबर आहे की तिचा."

"बापाचा हाय त्यो."

मी यादी उघडली. आकाराम उभा होता तसाच उभा राहिला. नावं खाली सरकवत गेले. मुलींच्या नावांपुढे बहुतेक नंबर वडिलांचे, भावांचे, काकांचे. आमच्याकडे अर्ज असाच भरतात. 'मोबाइल' म्हटलं की घरातला मोबाइल. मी स्वतः तसाच भरला होता.

म्हणजे सतरा तासांची ती शाबासकी तिच्या वडिलांच्या खिशात वाजली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडलेच. "मग सांगितलं का नाही?"

"बिल्ला घेत न्हाईत म्हणून सांगिटलं, पावणं यायलेत म्हणून सांगिटलं की मॅडम."

सांगितलं होतं. मी वर लिहून ठेवलंय, माझ्याच अक्षरात. 'जुनं खोड' म्हणून.

दुपारी सगळे संदेश बंद केले. प्राचार्यांना न विचारता.

११ फेब्रुवारी

रजा टाकून शिरोळकडे जाऊन आले. जयसिंगपूरला गाडी बदलली, पुढे उसाच्या ट्रॅक्टरांमागून एसटी चालवणारा शिव्या देत होता. प्रवेशपत्र पर्समध्ये. वाटेत दहा वेळा काढून बघितलं.

दानेश्वरीचे वडील प्रभुलिंग दारातच भेटले. माणूस सभ्य. खुर्ची दिली, दूध आणायला सांगितलं. दूध दानेश्वरीनं आणलं, पण फक्त हात दिसले. पेला ठेवून मागे सरकली.

मी म्हटलं, "तेवीस तारखेला तिची परीक्षा आहे. तिला पाठवा."

त्यांनी खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "बघा. समदं ठेवलंय. एकबी पुसलं न्हाय."

माझे सगळे संदेश. एकाखाली एक.

"कालिज चारला सुटतंय म्हणून सांगत हुती आमची पोरगी. तुमचा फोन सांगतोय, साडेबारापास्नं तिथं बसून हाय. आता मी पोरीवर इस्वास ठेवू का कालिजावर?"

"ती अभ्यासच करत होती हो!"

"मग सांगायचं की मला. खोटं का बोलायचं?"

"सांगितलं असतं, तर बसू दिलं असतंत?"

त्यांनी मोबाइल परत घेऊन खिशात ठेवला. मग म्हणाले, "चिक्कोडीकडचं पावणं बघायला आलतं. फोन वाजला. पावण्यांच्या पोरानं समद्यांत वाचला. शाबास म्हणून. खाली भरतीच्या तीन पुस्तकांची नावं. पावणं म्हणालं, पोरगी नोकरीला जाणार व्हय? मी काय सांगायचं बाई? मलाच ठावं नव्हतं."

चूक माझी, मी म्हटलं. हात जोडले. ते गडबडून उठले, "अवो, असं करू नकासा." पण परीक्षेचं नाव काढलं की जमिनीकडे बघायचे. लग्न ठरलंय, वैशाखात. प्रवेशपत्र मी टेबलावर ठेवून आले.

दानेश्वरीची आई रत्नव्वा मला थांब्यापर्यंत सोडायला आली. एसटी दिसली तेव्हा विचारते, "अक्का, ही परीक्षा वरसातनं एकदाच असती व्हय?"

मी म्हटलं, "नाही, दुसऱ्याही निघतात. मार्चमध्ये एका भरतीचे अर्ज सुटतील. पण तुम्ही आत्ताचं बघा ना."

"मार्चात," म्हणाली. बस. एवढंच. माझा जीव इथं टांगणीला आणि ही बाई पुढच्या परीक्षेची चौकशी करते! रागच आला. नवऱ्याला एक शब्द बोलली असती तर?

२३ फेब्रुवारी

सकाळी साडेआठपासून परीक्षा केंद्राच्या फाटकाशी उभी होते. आकारामही आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. बाकीच्या चौघी आल्या, त्याच्या पाया पडून आत गेल्या. नऊ. साडेनऊ. प्रत्येक रिक्षा थांबली की मी पुढे जायची. दहाला फाटक बंद झालं. वॉचमन कडी घालत होता तेव्हा मी त्याला म्हटलं, दोन मिनिटं थांबा. तो म्हणाला, "कुणाची वाट बघायलायसा? पोरगी का तुमची?"

नाही म्हटलं. आकाराम म्हणाला, "चला मॅडम."

२६ फेब्रुवारी

प्राचार्य हळू बोलले. संदेश बंद केल्याचं त्यांना कळलंय. मी सांगितलं, चालू करीन, पण आधी प्रत्येक मुलाला समोर बसवून विचारणार: हा मोबाइल कोणाचा? तुझ्या हातात किती वेळ असतो? त्यावर काय आलेलं तुला चालेल? ज्याला नको त्याला नको. आणि कुणी किती तास बसलं, काय वाचलं, हे कुणालाच जाणार नाही. म्हणाले, "असं अकराशे पोरांना विचारत बसणार?" म्हटलं, होय. "मग ब्याण्णव टक्क्यांचं काय?" म्हटलं, ते ब्याण्णव टक्के बापांचे होते.

अर्धी खोली गेली. सुतार सोमवारपासून.

घरी आल्यावर रुचिताला म्हटलं, तुझा नंबर दे, अर्जात बदलते. तिनं दिला. मी विचारलं, "जर्मन तुझ्यासाठीच होतं ना?" ती म्हणाली, "आता कशाला विचारतेस? ते पुस्तक दुसऱ्या कुणी तरी नेलं." आणि खोलीत गेली. त्या धोतरवाल्या आजोबांच्या रांगेत मी पण उभी होते की. फक्त पुस्तक टेबलावर आणून ठेवायला मला कॉलेजपर्यंत यावं लागलं नाही, एवढाच फरक.

१४ मार्च

तीनशे सहा मुलांशी बोलून झालं. घसा बसलाय. एकशे एकोणीस मुलींपैकी बेचाळीसजणींकडे स्वतःचा फोन नाही. तेवीस वर्षं मी यांना पुस्तकं देत होते.

त्यांच्यासाठी कार्यालयातले दोन जुने टॅब मागून आणले. अभ्यासिकेत बसून वापरायचे. आकारामनं त्यांना बिल्ले बांधले. टॅब न्यायचा तर बिल्ला टेबलावर ठेवायचा. खूश आहे.

कोपऱ्यातली खुर्ची तशीच आहे. सुतारानं हलवायला घेतली होती, मी नको म्हटलं.

२७ मार्च

आज भरतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस. घाईत लिहिते आहे.

सव्वाअकराला आकाराम जवळजवळ पळत माझ्या टेबलाशी आला. एवढ्या वर्षांत त्याला पळताना पाहिलं नव्हतं. "मॅडम, ओटीपी आलाय."

"मग द्या की जिचा असेल तिला."

"तेच तर. चौघी हितंच बसल्यात. इचारलं समद्यांना. कुणीबी अर्ज उघडला न्हाय."

वहीत पाच नावं. मी पाचव्या नावाकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. कुठंतरी कुणीतरी दानेश्वरीचा अर्ज उघडून बसलं होतं. आणि आकडा इथं, आमच्या हातात. दहा मिनिटं चालतो तो, मग मरतो.

"फोन करा," मी म्हटलं.

"कुणाला? बापाला?"

खरंच, कुणाला करणार? तिच्या नावापुढे एकच नंबर आहे, आणि त्यानंच तर सगळं घडवलं. आम्ही दोघं त्या बटणांच्या फोनकडे बघत उभे. सोळा झाले. अठरा. पलीकडे सुतार ठोकतोय. वीस झाले. मी देवाचं नाव घेतलं, मग त्याला बोलही लावला.

एकवीसला फोन वाजला. अनोळखी नंबर. आकारामनं कानाला लावला, काही ऐकू येईना म्हणून माझ्याकडे दिला.

"आकाराम दादा हायत?" बाईचा आवाज. मी ओळखला. रत्नव्वा!

"मी कॉलेजातली बाई बोलतेय. कुठं आहात?"

"अक्का, शेवा केंद्रात. रेशन कार्डाच्या कामाला म्हणून आलोय. केंद्रवाल्याचा फोन हाय. पोरगी आत बसलीया मिशनीपुढं. आकडा सांगा, लौकर."

"चार!" मी म्हटलं.

"आं?"

"चार! चार!"

सुताराचा हातोडा, फोनला रेंज नाही. मी पाटीखाली उभी होते, माझ्याच पाटीखाली, आणि अंगात होता तेवढा आवाज काढून ओरडले, "चार! सात! शून्य!" अख्खी अभ्यासिका वळून बघायला लागली. सुताराचा हात थांबला. पलीकडून रत्नव्वा लेकीला कानडीत ओरडून सांगत होती, "नाल्कु… एळु… सोन्ने…" "दोन! नऊ! परत नऊ!" "एरडु… ओंबत्तु, ओंबत्तु…"

आणि फोन तुटला.

अभ्यासिकेत टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकी शांतता. एवढी शांतता मला पाटी लावून कधी मिळाली नव्हती. चौघी मुली उठून टेबलाभोवती आल्या. मी खुर्चीत बसले, पुन्हा उठले. एवढ्या दिवसांनी त्या थांब्यावरचा प्रश्न आठवला. चौकशी करत नव्हती ती बाई. तारीख विचारून घेत होती, आणि मी तिच्यावर चिडले होते.

बारा वाजून पाच मिनिटांनी आकारामचा फोन टुणटुणला. त्यानं लांब धरून वाचला. "अर्ज स्वीकारला म्हनं."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यानं वहीत दानेश्वरीच्या नावापुढे आजची तारीख घातली, सावकाश, अक्षर गिरवत. परीक्षा जूनमध्ये. लग्न त्याआधी. काय होईल मला माहीत नाही. आज अर्ज गेला, एवढंच माहीत आहे.

मी वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर त्याच्या नंबराखाली माझा नंबर लिहिला.

"ह्यो कशाला?" त्यानं विचारलं.

"तुम्ही मे महिन्यात रिटायर होताय," मी म्हटलं. "प्रवेशपत्र त्यानंतर येईल. पोरींना सांगून ठेवा, यापुढे मॅडमचा घाला."

तो हसला आणि वही खिशात घातली. बोलला नाही म्हणून बरं. डिसेंबरात तिनं माझ्याकडे एवढंच मागितलं होतं.